एक किलोचा उपग्रह आणि कॉलेजची गच्ची

प्रश्न : बाई, मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, शाखा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). आम्ही सात जणांनी मिळून संदेशवहनाचे प्रयोग करणारा छोटा उपग्रह बनवायचं ठरवलंय. प्राचार्यांकडे गेलो, तर ते म्हणाले, "इस्रोचे टनाटनाचे उपग्रह वर असताना तुमचा एक किलोचा डबा काय नवं करणार? आणि बंद पडला तर कॉलेजचं नाव खराब." त्यांना काय सांगू? आणि सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : प्राचार्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर त्यांनी एक रुपयाही देऊ नये, असंच मी म्हणेन.

टीव्ही आणि बँकांच्या निरोपांचा भार वाहणारे मोठे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांनी दहा-पंधरा वर्षं बिनबोभाट काम करावं अशी अपेक्षा असते. त्यांच्यात कधीच वर न गेलेली चिप किंवा कुणी न वापरलेली संदेशपद्धत घालायला कोण धजेल? नवी गोष्ट आजमावायला अशी जागा लागते, जिथे बिघाड झाला तरी कुणाचं काम अडत नाही. विद्यापीठांचे छोटे उपग्रह त्यासाठीच असतात.

चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा 'अनुसॅट' ४० किलोचा होता. २० एप्रिल २००९ ला तो पीएसएलव्ही-सी१२ वरून गेला. एका ठिकाणावरून जाताना निरोप उचलायचा, पोटात साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोचल्यावर खाली सोडायचा, हे त्याचं मुख्य काम. त्याआधीचा इस्रोचा 'हॅमसॅट' तर प्राचार्यांना आवर्जून सांगा. ५ मे २००५ ला तो गेला, वजन साडेबेचाळीस किलो. त्यात दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालचा सिग्नल घेऊन पुन्हा खाली पाठवणारे रेडिओ, होते. एक भारतात बनवलेला आणि दुसरा नेदरलँड्समधल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने बनवलेला. जगभरच्या हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या, मंडळींनी तो उपग्रह २०१४ पर्यंत वापरला. विद्यार्थ्याच्या टेबलावर तयार झालेल्या रेडिओतून देशोदेशीची माणसं बोलली, याहून वेगळं उत्तर काय द्यायचं?

आपल्या शेजारचं उदाहरण पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं. त्यांचा 'स्वयम्' एक किलोच्याही किंचित आतला. काम सुरू झालं २००८ च्या सुमारास आणि उड्डाण झालं २२ जून २०१६ ला. मधल्या आठ वर्षांत मुलांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि पास होऊन गेल्या. मला त्यातली सगळ्यात आवडते ती दिशा धरायची युक्ती. आत एक कायमचं चुंबक आणि काही हिस्टेरेसिस पट्ट्या बसवल्या होत्या. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतं आणि पट्ट्या उपग्रहाचं डोलणं हळूहळू शोषून घेतात. मोटर नाही, वीज नाही. एक किलोच्या उपग्रहाला अंगावरच्या सौर पट्ट्यांतून सरासरी एक-दोन वॅटच मिळतात, त्यामुळे दिशेवर न उडालेली वीज रेडिओच्या वाट्याला येते.

तुमचा प्रयोगही असा नेमका हवा. 'उपग्रहाद्वारे संदेशवहन' हा प्रयोग नव्हे, तो धड्याचा मथळा झाला. 'उपग्रह क्षितिजापासून १० अंशांवर असताना अर्ध्या वॅटचा लोरा (कमी विजेत लांब जाणाऱ्या रेडिओ पद्धतीचा) संदेश शहरातल्या गच्चीवर वाचता येतो का?' हा प्रयोग. असं एक वाक्य लिहा, कागद प्राचार्यांसमोर ठेवा आणि मग बोला.

आता नाव खराब होण्याबद्दल. जगात कितीतरी विद्यापीठांचे उपग्रह वर गेले आणि पुन्हा कधी ऐकूच आले नाहीत. त्यात कमीपणा काही नाही. मला खटकतं ते वेगळंच. उड्डाणाच्या दिवशी फोटो, बॅनर, पेढे, आणि आठवड्याने गच्चीवर अँटेना धरायला कुणी नाही! उपग्रह बोलतोय की नाही हे ज्या कॉलेजला स्वतःच्या कानाने कळत नाही, त्याने उपग्रह बनवायची घाई करू नये. १२ डिसेंबर १९६१ ला 'ऑस्कर-१' हा हौशी लोकांनी बनवलेला पहिला उपग्रह गेला. मोर्समध्ये 'एचआय' एवढी दोनच अक्षरं तो पुन्हा पुन्हा पाठवायचा. आतलं तापमान बदललं की त्या अक्षरांचा वेग बदलायचा. २८ देशांतल्या ५७० हून जास्त हौशी माणसांनी तो ऐकल्याचं कळवलं. टिकटिकीचा वेग मोजून माणसं जमिनीवरून उपग्रहाचं तापमान सांगत होती! उपग्रह साधा होता, ऐकणारे तयारीचे होते.

म्हणून सुरुवात गच्चीवरून करा. उपग्रहाचा एकही भाग मागवण्याआधी, निदान वर्षभर, दुसऱ्यांचे उपग्रह ऐका.

हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलची मेजरिंग टेप आणि पीव्हीसीचा पाइप आणा. छोट्या उपग्रहांपैकी बरेचसे ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. तिथे पाव तरंगलांबी साधारण १७ सेंटिमीटर भरते, म्हणजे डायपोलचे दोन्ही हात जेमतेम वीतभर. टेपचे तुकडे पाइपवर ओळीने बसवलेत की एका दिशेला रोखायची यागी अँटेना झाली. टेपच का, तर उपग्रहाच्या अंगावरही बहुधा अशीच पट्टी असते. ती दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात, दोऱ्याला नायक्रोमची तार टेकवतात. रॉकेटपासून सुटल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, मग तारेत वीज सोडायची. दोरा जळतो आणि पट्टी ताडकन उलगडते. नाही उलगडली, तर आतलं सगळं शाबूत असूनही उपग्रह मुका. ही कृती टेबलावर करून समाधान मानू नका. अख्खा डबा बॅटरीसकट फ्रीझरमध्ये ठेवा आणि गारठलेला असताना दोरा जाळून दाखवा. थंड बॅटरी पुरेसा प्रवाह देत नाही, तार हवी तेवढी तापत नाही, आणि टेबलावर हमखास जळणारा दोरा तिथे नुसता काळा पडून राहतो.

ऐकायला आरटीएल-एसडीआर, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ ग्राहक, पुरतो. माझ्या इंदिरानगरच्या गच्चीवर अकरावी-बारावीची मुलं जमतात, तेव्हा पहिल्यांदा येणारे सगळे अँटेना देवळाच्या कळसाकडे धरल्यासारखी सरळ वर धरतात आणि हलतच नाहीत. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळत असतो. त्याच्या मागोमाग अँटेना फिरवायची असते आणि शिवाय मनगटही. उपग्रह गरगरत येतो, त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा सतत बदलते. आवाज अचानक बसला की अँटेना स्वतःभोवती पाव वळसा फिरवा, तो लगेच वर येतो. मागच्या हिवाळ्यात एका मुलीला ही मनगटाची लय सापडली. दक्षिणेकडून वर आलेला उपग्रह पार उत्तरेला क्षितिजाला टेकेपर्यंत तिने निसटू दिला नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर बीकनची, म्हणजे उपग्रहाच्या सततच्या खुणेच्या सिग्नलची, रेघ आधी दहा किलोहर्ट्झ वर होती, डोक्यावरून जाताना झरकन खाली घसरली आणि तेवढीच खाली जाऊन थांबली. डॉप्लर परिणामाचं सूत्र तिला पाठ होतं; त्या संध्याकाळी ती त्यावर अर्धा तास न थांबता बोलत होती.

आकडे बोटांवर ठेवा. अर्धा वॅट म्हणजे आपल्या देवघरातल्या जुन्या झिरोच्या बल्बच्याही दहाव्या हिश्शाहून कमी ताकद. उपग्रह ५०० किलोमीटरवर असेल तर डोक्यावर तो तेवढा लांब, पण क्षितिजावर अडीच हजार किलोमीटर. अंतर पाचपट म्हणजे सिग्नल पंचवीसपट क्षीण. दिवसात चार-पाच वेळा तो नाशिकवरून जाईल, त्यातल्या दोन खेपा चांगल्या. एका खेपेत कामाची आठ मिनिटं धरा. सेकंदाला १२०० बिट या वेगाने आठ मिनिटांत ७२ किलोबाइट उतरतात, तेही एक अक्षर न गळता. मोबाइलचा एक फोटो उतरवायला कित्येक दिवस लागतील. 'उपग्रहात कॅमेरा पण घालू' असं तुमच्यातला कोणीतरी म्हणणार, त्याच्या हातात हे गणित द्या.

गच्चीवरचा गोंगाट आधी मोजून ठेवा. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर हे सगळे रेडिओत खरखर ओततात. दिवाळीत आमच्या गल्लीत माळा लागल्या की क्षीण बीकन त्यात बुडून जातात. तेच यंत्र गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला नेलं की पडद्यावरची पार्श्वभूमी लख्ख काळी होते. कॉलेजच्या गच्चीवरची ही पातळी वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत नोंदवलीत, तर तेवढ्यावरच चांगला शोधनिबंध होईल.

रेडिओ बनला की उपग्रहाआधी त्याला रामशेजवर चढवा. प्रेषक किल्ल्यावर, ग्राहक पाथर्डी फाट्याच्या एखाद्या उंच गच्चीवर, मध्ये वीसेक किलोमीटर आणि अख्खं शहर. क्षितिजावरचा उपग्रह याच्या सव्वाशे पट लांब असतो. तेवढा फरक भरून काढायला मध्ये सिग्नल मुद्दाम क्षीण करणारा ४२ डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावा. त्यातूनही संदेश नीट वाचता आला, तर तुमचा रेडिओ वर जायच्या लायकीचा. मात्र प्रेषक चालू करणाऱ्याकडे हॅमचा परवाना हवाच, आणि परवाना असलेले दोन-तीन जण तुमच्या सातात आत्ताच तयार व्हायला हवेत.

सांगाड्याची काळजी मी सर्वांत कमी करेन. १० सेंटिमीटरचा घन ही मापं १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी ठरवली आणि ती सगळ्यांना खुली आहेत. अंबड-सातपूरला सीएनसीवर अॅल्युमिनियम कापणाऱ्या हातांची वानवा नाही. वेळ खातात ते कागद. फ्रिक्वेन्सीसाठी आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेकडून समन्वय आणि दूरसंचार विभागाची मंजुरी, दोन्हींना महिने लागतात. सोल्डरिंगच्या आधी अर्ज करा.

आणि स्वतःचा उपग्रहच हवा हा हट्ट सोडता आला तर आणखी एक वाट आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर वाया न घालवता इस्रो त्यावर प्रयोगाचे डबे बसवतं, त्याला 'पोएम' म्हणतात. वीज आणि स्थिरता तिकडून मिळते, तुम्ही फक्त रेडिओ बनवायचा. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वरच्या 'पोएम'मध्ये २४ प्रयोग होते. त्यातला 'बीजीएस अर्पित' हा कर्नाटकातल्या एसजेसी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा हॅम रेडिओचा डबा, आवाज, मजकूर आणि चित्रं खाली पाठवणारा. तुमच्या सात जणांनी ही वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. सीओईपीला आठ वर्षं लागली, तुमच्याकडे दीड वर्ष उरलंय.

प्रश्न : माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, घरापासून पाच किलोमीटरवर, खोलगट जागी. तिथे मोबाइलला रेंज नाही. पानांच्या ओलाव्याचा आणि तापमानाचा सेन्सर बसवला तर त्याची माहिती असा छोटा उपग्रह घरी पोचवेल का? डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका आदल्या रात्री कळला तरी फवारणी वाचते.
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : दादा, पोचवेल, आणि 'अनुसॅट'सारख्यांनी हेच करून दाखवलं. तुमच्या सेन्सरचा निरोप वीस-पंचवीस बाइटचा. तेवढा छोटा उपग्रह सहज उचलेल. पण एकच उपग्रह असेल तर तो दिवसातून चार-पाचदाच येईल. पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनीचं गणित असतं, तुम्हाला दर अर्ध्या तासाची नोंद लागते. संध्याकाळी सातला पाऊस थांबला आणि उपग्रह सकाळी साडेनऊला आला, तर ती बातमी काय कामाची? दर अर्ध्या तासाला एक डोक्यावर हवा असेल तर उपग्रहांचा ताफा लागतो, आणि त्याचं महिन्याचं बिल आलं.

तुमच्या पाच किलोमीटरसाठी त्याच जातीचं तंत्र जमिनीवर वापरा. छोट्या उपग्रहांत हल्ली जी लोरा पद्धत घालतात तीच आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या ताकदीच्या आत विनापरवाना वापरता येते. बागेत सेन्सरजवळ छोटी सौर पट्टी आणि लोराचा प्रेषक, घराच्या पत्र्यावर ग्राहक, घरात इंटरनेट. खोलगट जागेमुळे थेट दिसत नसेल तर बांधावरच्या सर्वांत उंच जागी वीसेक फुटांचा जीआय पाइप उभा करा आणि अँटेना टोकाला बांधा. जास्त ताकदीच्या यंत्राला पैसे घालण्यापेक्षा पाइपची उंची वाढवा, हे मी शंभरदा सांगेन. पानं भरली की बागेतून लहरी जाताना कमजोर होतात, म्हणून चाचणी ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच न घेता डिसेंबरात मांडव गच्च झाल्यावर घ्या.

वरच्या पत्रातल्या मुलांसारखं एखादं कॉलेज तुमच्या बागेत प्रयोग करायला तयार असेल तर त्यांना जरूर येऊ द्या. त्यांना खरा सेन्सर मिळेल आणि तुम्हाला फुकटात चार डोकी. उपग्रहाशिवाय ज्यांना खरोखर गत्यंतर नाही ते खोल समुद्रातले मच्छीमार. त्यांच्यासाठी बोटीतून संकटाचा निरोप उपग्रहावर पाठवणारं यंत्र इस्रोने बनवलं आणि ते २०१० पासून वापरात आहे.

प्रश्न : असे शेकडो डबे वर सोडले तर अवकाशात कचरा नाही का होणार?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : होतो, आणि काळजी रास्त आहे. उंचीवर सगळं अवलंबून असतं. ५०० किलोमीटरच्या आसपास विरळ का होईना हवा असते. ती अशा हलक्या उपग्रहाला काही वर्षांत खाली ओढते आणि तो जळून जातो. 'अनुसॅट' २००९ मध्ये गेला आणि २०१२ मध्ये वातावरणात शिरला. आठशे किलोमीटरवर सोडलेला मात्र पिढ्यान्पिढ्या फिरत राहील. विद्यार्थ्यांच्या उपग्रहाने तितक्या उंचीवर जाऊच नये असं मला वाटतं, कारण बंद पडलेल्या घनाला खाली आणायला त्याच्यात इंजिन नसतं. 'पोएम'वर बसवलेला प्रयोग इथेही बरा, तो वेगळा तुकडा म्हणून सुटतच नाही.

प्रश्न : बाई, मुलगी तेरा वर्षांची आहे. अवकाश स्थानक रेडिओवर ऐकता येतं असं तिने कुठेतरी वाचलं आणि आता दुसरं काही सुचत नाही. काय घेऊन द्यावं? तिला परवाना मिळेल का? आणि गच्चीवर अँटेना म्हणजे विजेची भीती वाटते.
— एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, परवाना नक्की मिळेल. हॅमच्या परीक्षेला किमान वय बारा वर्षं आहे. दूरसंचार विभाग ही परीक्षा घेतो. दोन श्रेणी असतात. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, आणि पास झाल्यावर व्हीयू३ ने सुरू होणारं स्वतःचं बोलावण्याचं चिन्ह मिळतं. प्रश्न विजेचे, रेडिओचे आणि नियमांचे असतात. आठवी-नववीचं विज्ञान नीट समजलेल्या मुलीला दोन-तीन महिन्यांचा अभ्यास पुरेल. बोलायचा वॉकीटॉकी मात्र परवान्याआधी घेऊन देऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

सध्या एसडीआरचा डोंगल आणि घरातला जुना लॅपटॉप एवढं पुष्कळ झालं. अवकाश स्थानकाचं हॅम रिपीटर, म्हणजे हॅम मंडळींचं बोलणं पुन्हा खाली पाठवणारं यंत्र, ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतं. अंतराळवीर शाळांशी बोलतात, अधूनमधून चित्रं पाठवतात, ते १४५.८०० वर. त्या चित्रांचा आवाज चिरक्या शिट्टीसारखा येतो आणि मोबाइलवरचं मोफत अ‍ॅप त्याचं चित्र करून देतं. ती रेघारेघांनी उमटताना तिला स्वतः बघू द्या, तुम्ही पुढे होऊन काही करू नका. स्थानक कधी कुठून उगवणार हे 'जीप्रेडिक्ट' नावाचं सॉफ्टवेअर दाखवतं. ते चालू करताना नाशिकचे अक्षांश-रेखांश घाला: २० उत्तर, ७३.८ पूर्व. नाशिक रोडला बिल्डिंगांची दाटी असेल तर डोक्यावरून जाणारी खेपच निवडा. दहा अंशांवरची खेप ऐकायला बसलात तर काहीच न मिळून पोर हिरमुसेल.

विजेचं म्हणाल तर कायमचा खांब उभारूच नका. हातातली अँटेना खेप संपली की घरात आणायची. वायर गच्चीवर पसरलेली ठेवायची नाही. आणि मे महिन्यात वळवाचे ढग दाटून आले, लांब कुठे गडगडलं, की कितीही चांगली खेप असली तरी गच्चीचं दार बंद. स्थानक दीड तासाने पुन्हा फेरी मारतंच, आणि नाशिकवरूनही ते रोज दोन-चारदा जातं.